पुस्तक निघाले, त्याची वार्ता कोण पोचविणार?

२०२४ सालच्या ऑक्टोबर महिन्याचा पहिला आठवडा वाशिम जिल्ह्याच्या सांस्कृतिक जीवनात लक्षणीय ठरला. ३ ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि ५ ऑक्टोबर रोजी मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे बंजारा समाजाच्या वारशाचे संग्रहालय पंतप्रधानांच्या हस्ते खुले झाले. दोन्ही प्रसंग अभिमानाचे होते, यात संशय नाही. परंतु दर्जा आणि इमारत शासनाकडून मिळू शकते. वाचक आणि प्रेक्षक मात्र कोणी तरी बोलावून आणावे लागतात. हे बोलावण्याचे काम आपल्याकडे नेमके कोणाचे आहे?

तालुक्याच्या गावी पुस्तकाचे प्रकाशन कसे होते ते आठवून पाहावे. सभागृह, मंडप, शाल, श्रीफळ आणि पाहुण्यांचा प्रवासखर्च यांत संस्थेची गंगाजळी आटते. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात बातमी येते. तीत व्यासपीठावरील सर्वांची नावे असतात, आभार कोणी मानले तेही असते. पण पुस्तकाची पृष्ठे किती, किंमत काय आणि ते मिळते कोठे, एवढेच नसते. प्रसिद्धी व्यासपीठाची होते, पुस्तकाची होत नाही. नाट्यप्रयोग, चित्रप्रदर्शन आणि व्याख्यानमाला यांचीही स्थिती याहून वेगळी नाही. कार्यक्रम झाल्याचे सर्वांना कळते, होणार असल्याचे थोड्यांनाच.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते : चांगल्या साहित्याला जाहिरातीची गरज नसते, ते आपला वाचक आपणच शोधते. हे मत ऐकावयास गोड आहे, परंतु याच भूमीचा इतिहास त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह राजशेखराने आपल्या ‘काव्यमीमांसे’त याच नगरीत लावून दिला आहे. या शाखेचा संस्थापक सर्वसेन हा स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही. आनंदवर्धनासारख्या साहित्यमीमांसकांनी त्याचा उल्लेख केला आणि पुढील ग्रंथकारांनी त्यातील अंश उद्धृत केले, म्हणून ते आपल्याला ठाऊक आहे. राजाचे काव्यदेखील टिकले ते इतरांनी केलेल्या चर्चेपुरतेच. मग रिसोड किंवा मालेगाव येथील एखाद्या शिक्षकाच्या कथासंग्रहाने निव्वळ गुणांच्या बळावर वाचक शोधावा, ही अपेक्षा कितपत न्याय्य आहे?

दुसरे उदाहरण कारंजा येथील आहे. तेथील जैन ग्रंथभांडारांत अपभ्रंश भाषेतील हस्तलिखिते पिढ्यानपिढ्या जपलेली होती. रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांत व वऱ्हाड येथील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची १९२६ मध्ये नागपुरास प्रसिद्ध केली, तेव्हा या ठेव्याकडे विद्वानांचे लक्ष वेधले गेले. पुढे प्रा. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांच्यासारख्यांनी त्यांतील ग्रंथ संपादित केले. ‘जसहरचरिउ’ची वैद्यकृत आवृत्ती १९३१ मध्ये कारंजा ग्रंथमालेतच निघाली. ग्रंथ आधीपासून होतेच. नव्हती ती वार्ता. एका छापील यादीने जे साधले, ते दीर्घकाळच्या जपणुकीने साधले नव्हते. प्रसिद्धी म्हणजे स्तुती नव्हे. काय आहे, कोठे आहे आणि कोणाच्या उपयोगाचे आहे, हे योग्य माणसाला वेळेवर कळविणे म्हणजे प्रसिद्धी.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पुस्तक ही मोठी अडचणीची वस्तू आहे. ज्वारी हातात घेऊन पारखता येते. पुस्तक वाचल्याखेरीज त्याचे मोल कळत नाही आणि मोल कळल्याखेरीज ते विकत घ्यावेसे वाटत नाही. हा पेच कोणाच्या तरी विश्वासार्ह शब्दानेच सुटतो. त्यातून मराठी पुस्तकाची आवृत्ती पुष्कळदा हजार प्रतींचीच. समजा, प्रतीची किंमत ३०० रुपये आहे. सर्व प्रती खपल्या तरी एकूण रक्कम ३ लाख रुपये. तीतून कागद, छपाई, विक्रेत्याची सूट आणि लेखकाचे मानधन वजा जाता जाहिरातीसाठी काय उरणार? एकेकट्या पुस्तकाला हा खर्च पेलत नाही. तो पुष्कळांनी वाटून घेतला तरच पेलतो.

असे वाटून घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. डॉ. श्री. व्यं. केतकर यांनी ज्ञानकोशासाठी नागपूर येथे मर्यादित कंपनी काढली, गावोगावी हिंडून वर्गणीदार मिळविले आणि २३ खंडांचे काम तडीस नेले. तेथे वाचक आधी जमविला गेला, ग्रंथ नंतर आला. १९७० च्या दशकात मुंबईत सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’ने वाचकांना सभासद करून घेतले, ‘बलुतं’ (१९७८) आणि ‘उपरा’ (१९८०) यांसारखी पुस्तके त्या चळवळीतून दूरवर पोचली.

वाशिम जिल्ह्यात हे का घडू नये? अकोल्यापासून वेगळा होऊन १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आलेल्या या जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार ११ लाख ९७ हजार आहे आणि पाचांतील चार माणसे खेड्यांत राहतात. तेथवर पोचणारे साधन म्हणजे सार्वजनिक ग्रंथालय. परंतु २०२२ साली अनुदानात ६० टक्के वाढ झाल्यावरही ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयाच्या वाट्याला वर्षाला ४८ हजार, म्हणजे महिन्याला चार हजार रुपये आले. त्यात ग्रंथपालाचे वेतन द्यावे, वृत्तपत्रे घ्यावी की पुस्तकांची वार्ता गावभर न्यावी? कंपनी कायदा, २०१३ अन्वये मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा जो दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चावयाचा असतो, त्यात कला, संस्कृती आणि सार्वजनिक ग्रंथालये यांचा समावेश आहे. पण हा पैसा बहुधा कारखान्यांच्या आसपासच मुरतो. आपल्याकडे मोठे कारखाने विरळाच.

म्हणून मार्ग सामुदायिकच असला पाहिजे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांतील संस्थांनी मिळून दर तीन महिन्यांनी एक चारपानी पत्रक काढावे. त्यात जिल्ह्यातील नवी पुस्तके, येऊ घातलेले प्रयोग, प्रदर्शने व व्याख्याने यांची किंमत, तिथी आणि ठिकाण यांसह नोंद असावी. प्रत्येक पुस्तकावर दहा ओळींचा प्रामाणिक अभिप्राय असावा. तो महाविद्यालयांतील अध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी लिहावा. पत्रक शाळा, ग्रंथालये, कार्यालये आणि बसस्थानके येथे लागावे. भ्रमणध्वनीवरून संदेश फुकट जातो हे खरे. पण रोज शेकडो संदेश येणाऱ्या माणसाचे लक्ष फुकट मिळत नाही. ते निवडीने आणि विश्वासानेच मिळते. या कामासाठी शासनाने ग्रंथालय अनुदानात प्रसिद्धीचे लहानसे स्वतंत्र शीर्ष ठेवावे. जिल्हा ग्रंथोत्सव दोन दिवसांत आटोपतो. त्याची वार्ता वर्षभर चालू राहिली पाहिजे.

एक धोका मात्र आधीच ओळखावयास हवा. सार्वजनिक पैशाने चालणारी प्रसिद्धी पाहता पाहता पदाधिकाऱ्यांची प्रसिद्धी बनते. तेव्हा पत्रकात कोणाचेही छायाचित्र नसावे आणि वाईट पुस्तकाला चांगले म्हणण्याची सक्ती नसावी. ज्या दिवशी अभिप्राय विकला जाईल, त्या दिवशी पत्रकाची किंमत रद्दीइतकी होईल.

अभिजात दर्जाने मराठीच्या भूतकाळावर मान्यतेची मोहोर उमटली आहे. आज आपल्या शेजारी लिहिणाऱ्याची वही उद्या ‘हरिविजया’च्या वाटेने जाऊ नये, एवढी दक्षता तरी वर्तमानकाळाने घ्यावयास हवी. त्या वाटेवर तर मागे उल्लेख ठेवणारा आनंदवर्धन भेटेलच, याचीही शाश्वती नाही.