पहिली जीप पालांकडे

जून 1998 मध्ये बारामतीत पोलिसांच्या ताब्यात असताना पिन्या हरी काळे या पारध्याचा जीव गेला. चार महिन्यांपूर्वी पश्चिम बंगालच्या पुरुलियात बुधन शबरही असाच मेला होता. महाश्वेता देवी, लक्ष्मण गायकवाड आणि गणेश देवी यांनी विमुक्तांसाठी नुकताच उभारलेला गट बारामतीच्या प्रकरणामागेही उभा राहिला. दिलीप डिसूझांनी पुढे त्यावर लिहिलं, तेही इंग्रजीत. इंदापूर-बारामतीच्या दिवाळी अंकाने हा विषय घ्यायला सत्तावीस वर्षं लावावीत, हे काही भूषण नव्हे.

फराळाच्या ताटाशेजारी हे कशाला, असं कोणी म्हणेल. पण सण तोंडावर आला, कारखान्याचा बॉयलर पेटला आणि कुठे घरफोडी झाली, की पहिली जीप कोणाच्या पालांकडे वळते, हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

हा संशय सरकारी आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मालाच गुन्हा ठरवलं; 1911 नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. गंमत अशी, की ज्या रामोशांकडे पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण होती, त्यांचीही गणना याच यादीत झाली. कायदा गेला, 31 ऑगस्ट 1952 ला जमाती ‘विमुक्त’ झाल्या. त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले; मुंबई राज्याचा 1959 चा. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 मध्ये भारताला हे कायदे रद्द करायला सांगितलं.

दाद मागावी म्हटलं, तर दाखल्यापासून अडतं. फासेपारधी अनुसूचित जमातीत, म्हणून त्याला अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण. राजपारधी, पालपारधी विमुक्त जातींच्या चौदा नावांत, त्यांना ते नाही. पालं शेजारी, मार एकच, कलमं वेगळी.

आणि तक्रार केलीच, तर उलट दंड संहितेचं ‘तीनशे त्रेपन्न’ कलम लागण्याची धास्ती: सरकारी कामात अडथळा. जुलै 2024 पासून न्याय संहितेत त्याचा आकडा 132 झाला, धास्ती तीच.

पोलीस खात्याच्या आतही वेगळं नाही. विमुक्त जातींना पोलीस भरतीत 3 टक्के जागा आहेत. म्हणजे त्या पालांतला पोरगा वर्दीत येऊ शकतो. त्याने साहेबाच्या जातीवाचक बोलण्याला हरकत घेतली तर? संघटना नाही, 1966 च्या कायद्याने पोलिसांच्या संघटनांवर कडक बंधनं आहेत. मग कसुरी अहवाल किंवा मुख्यालयात जमा. कागदावर ती नेहमीची प्रशासकीय बाब असते, म्हणूनच सूड सिद्ध करणं महाकठीण.

यावर उपाय सर्वोच्च न्यायालयाने प्रकाश सिंह खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सांगितला: पोलिसांची चौकशी पोलिसांनी करू नये, वेगळं प्राधिकरण हवं. महाराष्ट्राने 2014 मध्ये कायद्यात तशी तरतूद केली. आठ वर्षं! राज्य पातळीवर निवृत्त न्यायाधीश अध्यक्ष असतात. असं प्राधिकरण आहे, हे किती ठाण्यांच्या भिंतीवर लिहिलेलं दिसतं?

ऑक्टोबर 2024 मध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठाने तुरुंगांतली जातवार कामवाटणी रद्द केली. विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये, हेही पोलिसांना बजावलं. या दिवाळीत इंदापूर किंवा भिगवणच्या ठाणे अंमलदाराला विचारून पाहावं: तो आदेश त्यांच्या फायलीत पोचला आहे का?