रद्दीच्या तागडीत घरची ओळख

दिवाळी जवळ आली की पालघर आणि बोईसरच्या वसाहतींमध्ये रद्दीवाल्याच्या फेऱ्या वाढतात. माळ्यावरून वर्षभराची वर्तमानपत्रे खाली येतात. त्याच सुतळीत बँकेची पाकिटे, महावितरणची जुनी देयके, विमा कंपनीच्या सूचना, डीमॅट खात्याची विवरणे आणि कोणे एके काळी कर्जासाठी काढलेल्या आधारकार्डाच्या प्रतीही सरसकट बांधल्या जातात. तागडी होते, किलोमागे काही रुपये हाती पडतात. पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या घराने त्या रुपयांत आपले नाव, पत्ता, खातेक्रमांक आणि स्वाक्षरीचा नमुनाही विकलेला असतो, हे मात्र कोणाच्या ध्यानी येत नाही.

रद्दी थेट कागद गिरणीत जाते, अशी समजूत आहे. वास्तविक ती दोन-चार हातांतून फिरते, निवडली जाते. एका बाजूने कोरा असलेला चांगला कागद पुड्यांसाठी वेगळा निघतो. बँकेच्या विवरणात बांधलेले फुटाणे पाहून हसणाऱ्याने त्यावरील नाव वाचले, तर हसू टिकेलच असे नाही.

नोकरदारापेक्षा व्यापाऱ्याला यात धोका अधिक आहे. जीएसटी नोंदणीसाठी काय लागते ते पाहावे: पॅन, आधार, छायाचित्र, व्यवसायाच्या जागेचा पुरावा म्हणून वीज देयक किंवा मालमत्ता कराची पावती, आणि बँक खात्यासाठी रद्द केलेला धनादेश किंवा विवरण. यांतील बहुतेक कागद त्या एकाच गठ्ठ्यात सापडतात. दुसऱ्याच्या कागदपत्रांवर बनावट नोंदणी करायची, माल न हलवता बिले फाडायची आणि इनपुट क्रेडिट उचलून नाहीसे व्हायचे, हा प्रकार इतका बोकाळला की 16 मे 2023 पासून दोन महिने देशभर विशेष शोधमोहीम काढावी लागली. 16 ऑगस्ट 2024 पासून तशीच दुसरी मोहीम झाली. आता जोखमीच्या अर्जदारांची बायोमेट्रिक पडताळणी होते, त्यामुळे वाट अरुंद झाली आहे. तरीही ज्याच्या नावावर असे घडते, त्याला नोटीस आल्यावरच ते कळते, आणि आपण तो नव्हेच हे सिद्ध करण्यात त्याच्या धंद्याचे दिवस जातात. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅनवरून शोध घेतल्यास त्या पॅनवरील सर्व नोंदण्या दिसतात. वर्षातून एकदा, चोपडापूजनाच्या सुमारास का होईना, ही पाच मिनिटांची तपासणी व्हावी.

अर्थात सगळी गळती रद्दीतून होते असे नाही. आधारचे छायाचित्र व्हॉट्सॲपवरून हव्या त्याला धाडणाऱ्याने केवळ कागद फाडून समाधान मानू नये. निदान पहिले आठ अंक झाकलेले मास्क्ड आधार तरी द्यावे.

आणखी एक बाब सहसा विसरली जाते. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास ज्यांचे गाळे, दुकाने वा भाड्याच्या खोल्या आहेत, त्यांच्या कपाटात दुसऱ्यांचेही कागद असतात. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्या कामगारांच्या आधारच्या प्रती, पासबुकाचे पहिले पान, भाडेकरूंचे करारनामे. माणूस काम सोडून गेला तरी त्याची प्रत मागे राहते. ही थापण आहे. आपली वस्तू निष्काळजीपणे टाकणे हा तोटा म्हणता येईल. दुसऱ्याची टाकणे याला वेगळे नाव आहे.

मग हे कागद फाडले का जात नाहीत? काही घरांत आळस, काही घरांत संकोच. छापील अक्षराची विटंबना ही ज्ञानाची आशातना, हा संस्कार अनेक घरांत आजही जिवंत आहे, आणि तो आदरणीय आहे. भगवंतांची प्रतिमा वा गाथा छापलेल्या निमंत्रणपत्रिका व चातुर्मास-पत्रिका म्हणूनच वेगळ्या काढाव्यात. त्यांची व्यवस्था परंपरेप्रमाणे व्हावी, त्या यंत्रात जाऊ नयेत. परंतु क्रेडिट कार्डाचे आमिष दाखवणारे पत्र हे श्रुत नव्हे. ते सांभाळण्यात ज्ञानाचा विनय होत नाही. जाळण्याचा मार्ग हिंसेच्या दृष्टीने नकोच. शिवाय उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा नियमांनी मनाई आहे, आणि तारापूरच्या हवेवर आधीच पुरेसा भार आहे.

फाडण्याची घाई मात्र अंगाशी येऊ शकते. प्रत्येक पाकीट उघडूनच पाहावे. आजोबांच्या नावाचे शेअर प्रमाणपत्र, न वटवलेला लाभांश, विमा पॉलिसी अशाच पिवळ्या पाकिटांत निघते. लाभांश सात वर्षे पडून राहिला तर तो केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार निधीत वर्ग होतो; तेथून परत मिळतो, पण जुना कागद हाती असला तर काम सोपे जाते. घर-दुकानाचे खरेदीखत, वारसाचे कागद, मालमत्ता खरेदीचा पुरावा यांना मुदत नसते. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून 72 महिने ठेवावे लागतात. म्हणजे 2023-24 चे कागद 31 डिसेंबर 2030 पर्यंत हलवू नयेत, आणि अपील चालू असेल तर ते निकाली निघाल्यावरही एक वर्ष. कंपनी असेल तर हिशेबाची पुस्तके आठ वर्षे. शंका असेल तेथे सीएला विचारावे आणि मग कात्री लावावी.

यंत्र घ्यायचे तर लांब पट्ट्या काढणारे घेऊ नये. 1979 मध्ये तेहरानच्या अमेरिकी दूतावासात अशाच पट्ट्या झालेली गुप्त कागदपत्रे ताब्यात घेणाऱ्यांनी चिकाटीने जुळवली आणि पुढे पुस्तकरूपाने छापली. बारीक तुकडे करणारे, ज्याला क्रॉस-कट म्हणतात, ते घ्यावे. यंत्र नसले तरी अडत नाही. नाव, पत्ता, क्रमांक आणि सही असलेला भाग कापून, त्याचे तुकडे करून दोन वेगळ्या डब्यांत टाकावेत. उरलेला कागद रद्दीत खुशाल द्यावा. जुन्या धनादेशाच्या तळची अंकांची पट्टी आणि सहीची जागा विसरू नये, मुदत संपलेल्या कार्डाची चिप कात्रीने दुभंगावी.

पावसाळ्यात किनाऱ्याकडील कागद दमट होतात आणि यंत्रात अडकतात. म्हणून हे काम आश्विनात, उन्हे कडक झाल्यावर काढावे. पिना आधी काढाव्यात. तयार झालेला भुसा काचसामानाच्या खोक्यात भरण्यास उत्तम चालतो, दुकानदाराला वेगळा विकत घ्यावा लागत नाही.