फ्यूज उडतो तेव्हा

मे महिन्यातली वडोदऱ्याची दुपार. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरात एसी लावला की थोड्याच वेळात फ्यूज उडायचा. तिसऱ्यांदा उडाला तेव्हा बाबा जाड तार घेऊन स्टुलावर चढले. "ही घालतो, मग बघू कसा उडतो!"

मी त्यांना खाली उतरवलं. जाड तार वितळणार नाही, पण मग भिंतीतली जुनी वायर तापेल. आणि त्याच भिंतीला लागून आजीचा पलंग. एरर लपवला म्हणून बग जात नाही, हे मी ऑफिसात रोज बघतो.

मग एकेक गोष्ट तपासली. नुसता पंखा चालवला, फ्यूज शाबूत. कूलिंग लावलं, बाहेरच्या युनिटातून घुंऽ आवाज आला आणि फ्यूज गेला. दीड टनाचा एसी चालताना साधारण 7-8 अँपिअर घेतो. कॉम्प्रेसर फिरलाच नाही तर त्याच्या कितीतरी पट. मेकॅनिकनं युनिट उघडलं, तर कपॅसिटर फुगलेला! (वीज बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो, तिथे आपण हात घालायचा नाही.)

कपॅसिटर बदलला, एसी सुरू झाला. आता एसीसाठी वेगळी वायर आणि एमसीबी घालून घेतोय. जाड तार बाबांनी स्वतःच भंगारात टाकली. आजी मात्र म्हणते, "पंखाच बरा होता!"