सोब्याचें जेवण

उन्हाळा लागला म्हणजे कोल्हापुरांत अजून कित्येक घरीं शेवया उन्हांत वाळूं लागतात. त्या शेवयांची आठवण आम्हांस गेल्या वर्षीं टोकियोंत झाली. तेथें नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांकडे आम्ही मातोश्रींसह गेलों होतों. मातोश्रींचें वय ७६; आहार कडक शाकाहारी. पंधरा दिवस घरचा वरणभात झाल्यावर चिरंजीव म्हणाले, “आजी, आज तुला सोबा खायला नेतों. नुसत्या पिठाच्या शेवया; काळजी करूं नकोस.”

उत्तर हिंदुस्थानांत उपवासास ज्याच्या पुऱ्या करितात तो कुट्टू, त्याच्याच पिठाचा हा सोबा. हें धान्य गवताच्या जातीचें नव्हे. आपल्या आंबट चुक्याच्या कुळांतलें आहे. गव्हाचा चिवटपणा अंगीं नसल्यामुळें त्याची शेवई तुटते, म्हणून पुष्कळ दुकानांत ८ भाग कुट्टूस २ भाग गहूं मिळवितात. तेव्हां सोबा उपवासास चालेल असें मात्र कोणीं समजूं नये. पीठ मळून, पातळ लाटून, घड्या घालून रुंद सुरीनें त्याच्या बारीक शेवया कापतात. उकडून गार पाण्यांत धुतात आणि बांबूच्या जाळीवर वाढतात. शेजारीं वाटींत काळसर सार असतें. त्यांत शेवया बुडवून चांगला आवाज करीत भुरका मारावयाचा! शेजारचे वृद्ध गृहस्थ तसा भुरका मारतांना पाहून मातोश्री हंसल्या. “लहानपणीं कढीच्या भुरक्यासाठीं तुला मीं किती रागें भरलें,” असें त्या आम्हांस म्हणाल्या.

मग त्यांनीं वाटी उचलली आणि थांबल्या. “या साराला वास कसला ग?” त्यांनीं सूनबाईस विचारलें.

सूनबाईंनीं खालीं पाहिलें. “आजी, त्यांत मासा आहे. वाळवून, धुरावून त्याचा कीस करितात आणि तो उकळून पाणी गाळून घेतात.”

“पण तुकडा एकही नाहीं,” चिरंजीव घाईनें म्हणाले.

“माझा नेम तुकड्यापुरता नाहीं रे. मला उपाशीं राहतां येतें. पण विचारल्यावांचून कळलें नसतें, याचें वाईट वाटतें.”

हे शब्द चिरंजीवांस होते. लागले मात्र आम्हांस. चिरंजीवांनीं आदल्या रात्रीं आम्हांस सर्व सांगितलें होतें, आणि ‘म्हातारीला काय कळणार’ म्हणून आम्हीं गप्प बसलों होतों.

सूनबाईंनीं मालकास बोलावून जपानींत अडचण सांगितली. त्यास राग आला नाहीं. त्यानें मान लववून सार उचलून नेलें, आणि मीठ व किसलेला मुळा आणून ठेविला. नुसत्या मिठाशीं सोबा खाण्याची रीत तेथें कांहीं ठिकाणीं आहेच. मातोश्रींनीं समाधानानें जेवण केलें. शेवटीं सोबा उकडलेलें पाणी गरम गरम आलें. तेथील लोक तें उरलेल्या सारांत ओतून पितात. मातोश्रींनीं त्यांत मीठ घातलें. “ही तर पेज! आपणही पुरणाचा कट कोठें टाकतों?” असें म्हणून त्यांनीं दुसरी वाटी मागितली.

जपानांतील बौद्ध मठांत निरामिष स्वयंपाकाची जुनी परंपरा आहे. तेथें साराचें पाणी कोंबु नांवाच्या समुद्रवनस्पतीचें व वाळविलेल्या अळंब्यांचें करितात. म्हणजे वाट होती; आम्हीं ती शोधली नाहीं, इतकेंच.

मुलें परदेशीं असलेलीं घरें आतां आपल्यांत विरळा नाहींत. तेथें गेलेल्या वडील माणसांनीं परकें म्हणून पान दूर सारूं नये. कशाचें केलें आहे तें मोकळेपणानें विचारावें. आणि तरुणांनीं कौतुकाच्या भरांत खरें तें झांकूं नये. आपल्या माणसास न सांगतां वाढलेला घास गोड असला, तरी तो आदरातिथ्यांत जमा होत नाहीं.

जपानांत ३१ डिसेंबरच्या रात्रीं सरत्या वर्षाचा सोबा खाण्याची चाल आहे. त्या रात्रीं सूनबाईंनीं घरीं कोंबुचें सार केलें आणि दूरध्वनीवरून मातोश्रींस प्रथम त्याची कृति सांगितली. मातोश्रींनीं ती लिहून घेतली आहे.