मुलकोवालचा चिमटा

पंजाबातील मुलकोवाल गावी ३० ऑक्टोबर १९०२ रोजी प्लेगची लस टोचलेले १९ जण पुढे धनुर्वाताने दगावले. सर्वांची लस एकाच बाटलीतली. ठपका आला मुंबईच्या प्रयोगशाळेचे प्रमुख वाल्डेमार हाफकिन यांच्यावर. कारण कार्बोलिक आम्ल वगळून त्यांनी उष्णतेने निर्जंतुकीकरण सुरू केले होते. प्रत्यक्षात गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू तर मातीतच असतात. हाफकिन १९०७ मध्ये दोषमुक्त झाले; १९२५ मध्ये त्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. हा अन्याय सर्वांना आठवतो, चिमटा मात्र विस्मरणात जातो. प्रयोगशाळेत साधलेली निर्जंतुकता अखेरच्या हातापर्यंत राखली, तरच ती रुग्णाच्या उपयोगाची.