नाणे कोणाचे, दर कोणाचा?

नाण्याचा भाव हा बाजाराने दिलेला निष्पक्ष निवाडा असतो, असे भांडवलशाही अर्थशास्त्र सांगत आले आहे. मालीचा फ्रँक आणि फ्रान्सच्या छत्राखालील सीएफए फ्रँक या पश्चिम आफ्रिकेतील दोन नाण्यांची कहाणी या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. १९६२ साली एका मालियन फ्रँकला एक सीएफए फ्रँक असा दर होता. १९८४ साली एका सीएफए फ्रँकसाठी दोन मालियन फ्रँक मोजावे लागले. यावरून काढलेला निष्कर्षही ठरीव असतो: समाजवाद्यांच्या हाती टांकसाळ गेली की नाणे निम्म्यावर येते! आकडे खरे आहेत; निष्कर्ष मात्र अर्धवट आहे, आणि अर्धसत्य हे असत्याहून अधिक घातक असते.

मुळात सीएफए फ्रँक बाजाराने जन्माला घातला नाही. २६ डिसेंबर १९४५ रोजी वसाहतींच्या धन्याने तो हुकुमाने निर्माण केला. त्याच्या नावातील आद्याक्षरांचा अर्थच ‘आफ्रिकेतील फ्रेंच वसाहती’ असा होता. १९४८ मध्ये एका सीएफएला दोन फ्रेंच फ्रँक असा दर ठरला. १९६० मध्ये फ्रान्सने नवा फ्रँक आणल्यावर तोच दर पन्नास सीएफएला एक असा लिहिला जाऊ लागला. पुढे १९९४ पर्यंत तो हलला नाही. या स्थैर्याची किंमत होती. परकीय चलनाची गंगाजळी पॅरिसच्या सरकारी खजिन्यात ठेवावी लागे: १९७३ पर्यंत संपूर्ण, पुढे ६५ टक्के, २००५ पासून निम्मी. नफा विनाअडथळा फ्रान्सला नेण्याची मुभा होती. शेतकऱ्याच्या कापसाला आणि भुईमुगाला महाग नाण्याचा जाच, तर शहरी उच्चवर्गाच्या आयात चैनीला त्याच नाण्याचे अनुदान, असा हा न्याय होता.

या व्यवस्थेतून गिनी १९६० मध्ये बाहेर पडला. १ जुलै १९६२ रोजी मोदिबो केइटा यांच्या सरकारने मालीचा स्वतंत्र फ्रँक सीएफएच्या बरोबरीने सुरू केला. त्याच महिन्यात बामाकोतील व्यापारी रस्त्यावर उतरले. त्यांचा व्यवहार सेनेगल आणि आयव्हरी कोस्टशी होता, आणि तेथे नवे नाणे कोणी घेत नव्हते. मालीची गुरे, मासळी, भुईमूग चोरवाटांनी सीमेपार जाऊन सीएफए कमवू लागली. सरकारी दप्तरातला दर बरोबरीचा राहिला. सीमेवरच्या बाजाराने तो केव्हाच झिडकारला होता.

येथे केइटा राजवटीचे दोष झाकण्याचे कारण नाही. सरकारी कंपन्यांची तूट नोटा छापून भरून काढली गेली. सीमा लष्कराने नव्हे तर शेतकऱ्याला दिलेल्या रास्त भावाने राखली जाते, याचा तिला विसर पडला. निदर्शनांनंतर फिली दाबो सिस्सोको आणि हमादून डिको या विरोधी नेत्यांना तुरुंगात डांबण्यात आले. १९६४ मध्ये बंदिवासातच त्यांचा अंत झाला. लोकशाहीचा गळा घोटून समाजवाद उभा राहत नाही, आणि त्याचे नाणेही उभे राहत नाही. फेब्रुवारी १९६७ मध्ये केइटांना फ्रान्सशी करार करावा लागला, मे महिन्यात मालियन फ्रँकचे मूल्य निम्मे झाले, आणि शंभर मालियन फ्रँकला एक फ्रेंच फ्रँक असा दर आला. नोव्हेंबर १९६८ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. खुद्द केइटा १९७७ मध्ये कैदेतच वारले.

टीकाकारांची कहाणी १९८४ मध्ये माली दोनास एक या दराने सीएफएकडे परतला, तेथे संपते. ती मुद्दामच तेथे संपवली जाते. कारण जानेवारी १९९४ मध्ये डाकार येथे सीएफएचेही मूल्य एका रात्रीत निम्मे करण्यात आले. दर झाला शंभर सीएफएला एक फ्रेंच फ्रँक! ज्या दरामुळे मालियन फ्रँकला दिवाळखोर ठरवले, त्याच दरावर ‘भक्कम’ सीएफए सत्तावीस वर्षांनी येऊन उभा राहिला. हिशेब साधा आहे. १९६२ मध्ये ज्याच्या गाठीशी हजार सीएफए, म्हणजे वीस फ्रेंच फ्रँक होते, त्याचे १९६७ मध्ये दहा झाले. १९८४ मध्ये हाती पाचशे सीएफए आले, म्हणजे दहाच. १९९४ मध्ये उरले पाच. माली दोनदा निम्म्यावर आला: एकदा स्वतःच्या नाण्यात आणि एकदा परक्याच्या हमीत. पहिल्या वेळी त्याला समाजवादाची शिक्षा म्हटले गेले; दुसऱ्या वेळी मात्र त्याचे नाव ‘आर्थिक सुधारणा’ असे पडले. आयात औषधे ज्याच्या आवाक्याबाहेर गेली, त्याला या शब्दभेदाचा काय उपयोग?

सीएफए देशांत भाववाढ शेजाऱ्यांपेक्षा कमी राहिली, हे खरे. परंतु स्थिर नाणे हे साधन आहे, साध्य नव्हे. ते कोणाच्या हातचे साधन आहे, हे जानेवारी २०२२ मध्ये दिसले. बामाकोतील लष्करी राजवटीवर दबाव आणण्यासाठी शेजारी राष्ट्रांनी निर्बंध लादले, आणि डाकारस्थित सामाईक मध्यवर्ती बँकेने मालीची खाती गोठवली. स्वतःचा पैसा असूनही मालीला कर्जाचे हप्ते चुकवावे लागले. ती राजवट समर्थनीय नव्हतीच. पण झळ लागली ती जनतेला. २०१९ मध्ये घोषित सुधारणांनंतर पॅरिसमध्ये गंगाजळी ठेवण्याची अट गेली, तरी युरोला ६५५.९५७ सीएफए हे बंधन कायम राहिले.

तेव्हा झेंड्याबरोबर नोटेवरचे चित्र बदलले की स्वातंत्र्य पुरे होते, हा भ्रम डाव्यांनी सोडला पाहिजे; आणि परक्याची हमी म्हणजे समृद्धी, हा भ्रम उजव्यांनी. नाण्यामागे उत्पादन हवे, उत्पादनामागे कष्टकऱ्याला रास्त दाम हवा, आणि या दोहोंवर लोकांचा खुला अंकुश हवा. यांपैकी एकही कडी निखळली, तर विनिमय दर कोणी तरी दुसराच ठरवतो आणि त्याची किंमत मात्र गुराखी, कापूस उत्पादक आणि मजूर मोजतात.