चुना कोणत्या जमिनीस?

धान खालावलें कीं जमिनीस चुना घाला, असा सल्ला आमच्या भागांत सर्रास दिला जातो. जमीन तपासल्यावांचून तो मानूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे.

चुना अल्कधर्मी, अम्लाशीं संयोग पावून त्याचें लवण बनतें व अम्लाचा जोर मोडतो. परंतु वरोऱ्याकडील काळ्या मातींत चुना बहुधा मुळांतच असतो. तिच्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक अम्लाचे चार थेंब टाकले असतां ती फसफसते. तेथें आणखी चुना कशाला? गडचिरोलीच्या पूर्वेकडील तांबूस-पिवळ्या जमिनी अतिवृष्टीनें निथळून अम्ल होतात खऱ्या. तथापि बांधींत पाणी साचून राहिलें कीं ही अम्लता कांहीं आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणून खरी निकड धानास नसून उंचवट्यावरील तुरीस व धानामागून येणाऱ्या हरभऱ्यास आहे. आणि त्यांचा विचार कोणी करीत नाहीं!

२०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेवर सामू नमूद असतो. तो ५.५ हून कमी असेल, तर बारीक दळलेली चुनखडी पेरणीपूर्वी मातींत मिसळावी. मात्र कळीचा चुना व अमोनियम सल्फेट एकत्र टाकूं नयेत. नत्र वायुरूपानें उडतें, आणि नाकास झोंबणारा तो वास आपल्याच पैशाचा असतो. दोहोंत दोन-तीन आठवड्यांचें अंतर राखावें.